मदत हवी आहे: डोळ्यांच्या चिनी गोळ्या पुण्यात कुठे मिळतील?

रेवा_सिंगापूर
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे सिंगापूरला आली आहे, 22 तारखेला पुण्याला परत जाईल. शेजारच्या आंटी तिला त्यांच्या नेहमीच्या चिनी वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या होत्या. तिथून डोळ्यांसाठी गोळ्या मिळाल्या, नाव छी च्यू दी ह्वांग वान. काळ्या, मिऱ्यापेक्षा लहान. आठ-आठ गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे 200 ची बाटली आठ-नऊ दिवसांत संपतेच. आईला खूप फरक आहे, डोळ्यांची आग आणि लाली पूर्ण गेली. मला एवढंच हवंय: पुण्या-मुंबईत या कुठे मिळतात? आणि सहा महिन्यांच्या बरोबर दिल्या तर कस्टमवाले अडवतात का? अनुभव असलेल्यांनीच लिहा प्लीज. चिनी माल चांगला की वाईट ही चर्चा नको, वेळ नाहीये.

घाटमाथा
कस्टमचं नंतर बघू. आईंच्या डोळ्यांना झालंय काय?

सुलभाकाकू
अगं रेवा, चिनी कशाला, आपलं त्रिफळा आहे की. रात्री चमचाभर चूर्ण मातीच्या भांड्यात भिजत घालायचं, सकाळी चौपदरी पंच्यातून गाळून त्या पाण्याने डोळे धुवायचे. माझ्या सासूबाईंनी मोतीबिंदू असाच दहा वर्षं लांबवला.

घाटमाथा
काकू, मोतीबिंदू आहे असं तिने कुठे म्हटलंय? आणि रात्रभर उघडं राहिलेलं पाणी डोळ्यात घालू नका. माझ्या मामीला त्यातूनच बुबुळावर जखम झाली होती, महिनाभर पट्टी होती.

सुलभाकाकू
आम्ही तीन पिढ्या करतोय, कुणाला काही झालं नाही.

रेवा_सिंगापूर
वय 68. डोळ्यांचं जुनंच दुखणं आहे, पाच-सहा वर्षांचं. गोळ्यांबद्दल कुणी सांगेल का?

बारा_वर्षं_हाँगकाँग
मी सांगतो. हे चीनमधलं अगदी घरोघरी असणारं औषध आहे. मूळ सहा औषधांची गोळी सोंग राजवटीतल्या छियेन यी नावाच्या बालवैद्यांची, बाराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यात रेहमानियाचं मूळ, एक प्रकारचा कंद, एक बुरशी वगैरे. तीत गोजी बेरी (सुकवलेली छोटी लाल फळं) आणि शेवंतीची फुलं घातली की ही डोळ्यांची गोळी होते. त्यांच्या शास्त्रात यकृताचं दार डोळ्यांत उघडतं असं मानतात, त्यामुळे डोळे कोरडे पडले किंवा अंधुक दिसायला लागलं की यकृत आणि मूत्रपिंडाचा शीतल अंश भरून काढायचा. माझे डोळे कॉम्प्युटरने इतके कोरडे पडायचे की संध्याकाळी पापण्या उघडवत नसत. वैद्यांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हीच गोळी दिली. शिवाय गोजी आणि शेवंतीचा चहा. दोन महिन्यांत मला आराम पडला. मुंबईत खूप शोधली, मिळाली नाही. येताना स्वतःपुरत्या चार बाटल्या आणि वैद्यांची चिठ्ठी आणायचो, कुणी अडवलं नाही.

रेवा_सिंगापूर
खूप खूप धन्यवाद! हेच हवं होतं. आई तो चहासुद्धा घेते, आंटी रोज फ्लास्क भरून आणून देतात. दिवसाला तीन-चार कप होतातच.

घाटमाथा
दादा, तुमचे डोळे कोरडे होते. हिच्या आईंना काय आहे ते अजून कळलेलं नाही, आणि तुम्ही चार बाटल्यांपर्यंत पोहोचलात. रेवाताई, "जुनं दुखणं" हे आजाराचं नाव नाही. पुण्याच्या फाईलवर काय लिहिलंय?

बारा_वर्षं_हाँगकाँग
दोन हजार वर्षांचं शास्त्र आहे, वनस्पती आहेत, अपाय तर काही होणार नाही ना!

घाटमाथा
वनस्पती म्हणजे निर्धोक, हे आधी डोक्यातून काढा. लाल, दुखऱ्या डोळ्यांसाठी चिनी वैद्य देतात ती लाँग दान श्ये कान या दुसऱ्या गोळीचंच उदाहरण बघा. तिच्यात एका वेलीऐवजी वर्षानुवर्षं अ‍ॅरिस्टोलोकियाच्या जातीची वेल पडत होती. तिच्यातल्या आम्लाने लोकांची मूत्रपिंडं कायमची गेली, कर्करोग झाले. शेवटी चीननेच 2003 मध्ये ती वेल औषधांतून काढून टाकली. आपली ईश्वरी त्याच कुळातली, म्हणून हे आपल्यालाही लागू आहे.

बारा_वर्षं_हाँगकाँग
ती गोळी वेगळी, ही वेगळी. हिच्यात ती वेल कधीच नव्हती. सगळं एका मापाने मोजू नका.

घाटमाथा
ते मान्य. पण "वनस्पती म्हणून अपाय नाही" हे तुमचं वाक्य होतं, मी त्याला उत्तर दिलं.

पोथीवाला
थोडं अवांतर, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. चिनी नेत्रवैद्यकाचं आपल्याशी जुनं नातं आहे. मोतीबिंदू सुईने बाजूला सारण्याची सुश्रुतसंहितेतली क्रिया बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेली. तिथे तिला सोन्याच्या सुईचा उपचार म्हणत. थांग काळातल्या ल्यू युशी या कवीने एका ब्राह्मण नेत्रवैद्याला उद्देशून कविता लिहिली आहे. त्याचा मित्र पाय च्यूयी डोळ्यांनी बेजार होता. त्याच्या कवितेत मेजावर नागार्जुनाच्या नावाचा नेत्रग्रंथ उघडा पडलाय आणि डबीत च्वेमिंगच्या गोळ्या आहेत, दोन्हींचा उपयोग नाही. आता सुईच आजमावावी म्हणतो. बाराशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण दुखणं किती ओळखीचं वाटतं.

राजापूरकर
च्वेमिंग म्हणजे टाकळ्याचं बी ना? चिनी भाषेत त्या नावाचा अर्थच नजर उजळणारं असा काहीतरी आहे असं वाचलंय. आमच्याकडे पहिला पाऊस पडला की कुंपणाकडेने टाकळा उगवतो, कोवळा असताना भाजी करतो, भरपूर कांदा आणि ओलं खोबरं घालून. बिया भाजून कॉफीसारख्या पितात हेही माहीत आहे. पण डोळ्यांसाठी कधी ऐकलं नव्हतं. जास्त खाल्लं तर पोट मात्र ढिलं होतं.

पोथीवाला
हो, टाकळा आणि त्याची अगदी जवळची जात, दोन्हींचं बी वापरतात. या गोळीची एक मोठी बहीण आहे, मिंग मू दी ह्वांग वान, तिच्यात आपलं गोखरूही पडतं.

चिनूची_आई
माझा मुलगा 8 वर्षांचा आहे, दर सहा महिन्यांनी नंबर वाढतोय. या गोळ्या लहान मुलांना चालतात का?

नेत्रा_मिरज
चिनूची आई, नाही, स्वतःहून देऊ नका. मुलाला रोज दोन तास घराबाहेर उजेडात खेळू द्या आणि नेत्रतज्ज्ञांना कमी मात्रेच्या अ‍ॅट्रोपिनच्या थेंबांबद्दल विचारा. त्यावरचं महत्त्वाचं संशोधन सिंगापूरमध्येच झालंय. बाकी वेगळ्या धाग्यावर बोलू.

रेवाताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज सत्तरीतले डोळे तपासते. मला चार गोष्टी सांगा. फाईलवरचं निदान. आई डोळ्यांत कोणते ड्रॉप्स घालतात. पोटात दुसऱ्या कोणत्या गोळ्या घेतात. आणि शुगर आहे का. हे कळल्याशिवाय गोळी चांगली की वाईट हे कुणालाच सांगता येणार नाही.

रेवा_सिंगापूर
काचबिंदू. शुगर नाही. रात्री एक ड्रॉप घालायची, लॅटॅनोप्रॉस्ट, पण त्याने डोळे लालभडक व्हायचे आणि चुरचुरायचे. गोळ्या सुरू केल्यावर बरं वाटायला लागलं म्हणून तिने बंद केला.

नेत्रा_मिरज
कधी बंद केला?

रेवा_सिंगापूर
पाच आठवडे झाले असतील. मी ऑफिसला असते, मलाही परवाच कळलं. पण तिला दिसतंय नीट, कुठे दुखत नाही. पेपर वाचते.

नेत्रा_मिरज
ताई, आता मी जरा स्पष्ट लिहिते. रागावू नका.

डोळ्यांची लाली गोळ्यांनी गेलेली नाही. ड्रॉप बंद केला म्हणून गेली. लाली आणि चुरचुर हा त्या ड्रॉपचा नेहमीचा त्रास आहे, काहींना त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हचाही होतो. त्याच आठवड्यात गोळ्या सुरू झाल्या, म्हणून श्रेय त्यांना गेलं.

काचबिंदूत डोळ्यातलं पाणी बाहेर पडायची वाट अडते, आतलं प्रेशर वाढतं आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. नजर कडेकडून जाते, मधली शेवटपर्यंत राहते. म्हणून माणूस पेपर वाचत असतो आणि दाराची चौकट खांद्याला लागते. दुखत नाही, हीच त्याची अडचण. जे गेलं ते कुठल्याही औषधाने परत येत नाही, ना आमच्या, ना चिनी, ना आयुर्वेदाच्या. राहिलेलं वाचवायला प्रेशर खाली ठेवणं, एवढंच हातात आहे, आणि या गोळ्यांवर त्यासाठी भिस्त ठेवता येत नाही. उद्याच्या उद्या प्रेशर मोजून घ्या. ड्रॉप सोसत नसेल तर बिनप्रिझर्व्हेटिव्हचा मिळतो, दुसऱ्या जातीचे आहेत, लेझरही आहे.

आणि पोटातल्या गोळ्या कोणत्या, ते राहिलं.

सुलभाकाकू
मला काचबिंदू आणि मोतीबिंदू एकच वाटत होतं. रेवा, माझं त्रिफळ्याचं मनावर घेऊ नकोस बाई, आधी डॉक्टर गाठ.

बारा_वर्षं_हाँगकाँग
नेत्राताईंशी शंभर टक्के सहमत. मी कोरड्या डोळ्यांवरून बोललो, माझी घाई झाली. मात्र एक सांगतो, चांगला चिनी वैद्य चालू ड्रॉप बंद करायला सांगत नाही. रेवाताई, त्या वैद्यबाईंना ड्रॉपचं माहीत होतं का?

रेवा_सिंगापूर
नसावं. आईला मँडरिन येत नाही, वैद्यबाईंना इंग्रजी जेमतेम. आंटींनी "डोळे लाल, आग होते, अंधुक" एवढंच सांगितलं असणार.

इतर गोळ्या: बीपीची एक, थायरॉईडची एक, आणि रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिन. 2016 मध्ये हृदयाची झडप बदलली आहे. ते हृदयाचं म्हणून लिहिलं नव्हतं, डोळ्यांशी काय संबंध.

घाटमाथा
संबंध आहे! गोजी आणि वॉर्फरिन! 2001 मध्ये अमेरिकेतल्या औषधतज्ज्ञांनी एक केस छापली होती. 61 वर्षांची चिनी बाई, वॉर्फरिनवर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, वाढलं की रक्तस्रावाची भीती) कायम 2 ते 3 मध्ये. गोजीचा दाट चहा रोज तीन-चार ग्लास घेतला, चार दिवसांत 4.1. तुमच्या आईंच्या गोळीतही गोजी आणि चहातही गोजी. माझे वडील वॉर्फरिनवरच होते, म्हणून मला हे पाठ आहे. आजच पीटी-आयएनआर करा. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळे-निळे डाग, काळी शी, काही आहे का?

रेवा_सिंगापूर
दंडावर निळा डाग आहे. कपाटाचं दार लागलं म्हणाली. मी निघते आहे तिला घेऊन.

राजापूरकर
कळवा ताई. वाट बघतोय.

रेवा_सिंगापूर
दोन दिवसांनी लिहिते आहे, माफ करा.

आयएनआर 4.4 निघाला. तिचा 2.5 ते 3.5 मध्ये हवा असतो. एक दिवस वॉर्फरिन थांबवलं, गोजी पूर्ण बंद, तीन दिवसांनी पुन्हा तपासणी. डोळ्याचं प्रेशर उजवीकडे 29, डावीकडे 26. पुण्याच्या फाईलवर ड्रॉप चालू असताना 16 होतं. नजरेच्या कडा तपासल्या, उजव्या डोळ्यात नाकाकडची वरची बाजू आधीपेक्षा कमी झाली आहे. पाच आठवड्यांतच गेली की आधीपासून जात होती, ते डॉक्टरांना नक्की सांगता आलं नाही. मला हे लिहितानाही हात कापतायत. ते कपाटाचं दार नाकाकडून नाही लागलं, पण मी आता प्रत्येक दाराकडे बघते आहे.

बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या छोट्या कुप्या दिल्यात, रात्री नऊला. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरायला सांगितलंय, म्हणजे औषध नाकावाटे अंगात उतरत नाही. लाली अजून तरी नाही.

आंटींना सगळं सांगितलं तेव्हा त्या खूप रडल्या. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या आईला हात धरून नेणारं इथे दुसरं कोण होतं? काल त्या स्वतः आम्हाला वैद्यबाईंकडे घेऊन गेल्या. वैद्यबाईंनी ड्रॉपची कुपी आणि वॉर्फरिनची स्ट्रिप हातात घेऊन दोन्ही नावं वहीत उतरवली आणि आंटींना बराच वेळ बोलल्या. आंटींनी एवढंच सांगितलं, "पहिल्या दिवशी हे दाखवलं असतं तर मी गोजी दिलीच नसती, म्हणतायत."

उरलेली दीड बाटली मी परत केली. आता माझा पहिला प्रश्नच बदलला आहे: या कुप्या विमानात कशा न्यायच्या?

नेत्रा_मिरज
रेवाताई, खोक्यावरचं तापमान बघा. साध्या लॅटॅनोप्रॉस्टची न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवतात, बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या कुप्या बहुतेक 25 अंशांखाली चालतात. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पर्समध्ये, चिठ्ठीसह. गार पाऊच वापरलात तर कुपी बर्फाला टेकू देऊ नका. आणि पुण्यात उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रेशर आणि आयएनआर, दोन्ही.

रेवा_सिंगापूर
25 च आहे. 24 तारखेची वेळ घेतली आहे.