मदत हवी आहे: डिझायनरने आपल्याला ‘नाही’ म्हणावं, यासाठी काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं भागीदार मुलांसाठी विज्ञानाच्या प्रयोगांचे संच बनवतो. नव्या संचाच्या खोक्यासाठी पहिल्यांदाच बाहेरचा डिझायनर घेतलाय. हात छान आहे, कामही वेळेवर देतो. अडचण अशी, की आम्ही म्हणू ते तो निमूटपणे करून देतो.

भागीदाराने बारकोड खाली, घडीला लागून घ्यायला सांगितला. लगेच नवी फाइल आली. नमुना छापून आला तर बारकोडच्या शेवटच्या रेघा थेट घडीवर, बाजूची कोरी जागा गायब, स्कॅनर वाचेचना. विचारलं तेव्हा डिझायनर म्हणाला, "मला तेव्हाच वाटलं होतं. पण तुम्ही सांगितलंत म्हणून केलं."

मला फार वाईट वाटलं. त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर काम दिलं! सुरुवातीला तो विचारायचा, "खोकं दुकानात उभं ठेवणार की आडवं?" आता असे प्रश्न येतच नाहीत.

त्याला पुन्हा बोलतं कसं करू? शिवाय डिझाइनच्या मूळ, बदल करता येतील अशा फाइल्स मागायच्या आहेत. अविश्वास दाखवतोय असं वाटेल का? आणि भागीदाराला प्रत्येक वेळी तीन पर्याय हवे असतात, ते योग्य आहे का?

प्रतिसाद १

मी हेच काम करते, म्हणून स्पष्ट लिहिते. तुम्ही लोक त्याला उपाय सांगताय, अडचण सांगत नाही. "बारकोड खाली घ्या" म्हटलं की आम्ही खाली घेतो. "समोरून बारकोड फार डोळ्यांत येतो" म्हणा, मग जागा तो शोधेल. दर फेरीला विचारा, "यात तुम्हाला स्वतःला काय खटकतंय?" आणि तो जे पहिलं सांगेल ते शक्यतो मान्य करा. एकदा ऐकलं गेलं की माणूस पुढच्या वेळी आपणहून बोलतो. बदलही दोघांपैकी एकानेच कळवा. एक म्हणतो मोठं, दुसरा म्हणतो लहान, यात आम्ही गप्प होतो.

मूळ फाइल्स बिनधास्त मागा. पुनर्मुद्रणासाठी लागतात, हे कारण पुरेसं आहे. फाइल्स आणि डिझाइनचे हक्क कधी व कोणत्या अटींवर मिळणार, ते लिहून घ्या, त्याच्याही सोयीचं असतं. फॉन्टचा परवाना मात्र बहुधा तुम्हाला वेगळा घ्यावा लागेल. आणि बिल वेळेवर द्या. विश्वास तिथे सर्वांत आधी दिसतो.

प्रतिसाद २

तीन पर्यायांबद्दल: १९८६ मध्ये अमेरिकी डिझायनर पॉल रँड यांनी स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट या संगणक कंपनीचा लोगो केला, तेव्हा एकच पर्याय दिला होता. सगळ्यांना तसं जमत नाही, भागीदाराची धाकधूक मी समजू शकतो. मधला मार्ग म्हणजे आधी पेन्सिलीची कच्ची रेखाटनं मागवा, त्यातलं एक निवडा, मग पूर्ण काम एकाचंच. तिन्ही पूर्ण करून घेतले की त्याची दोन कामं वाया जातात, आणि पुढच्या वेळी तो जीव ओतत नाही.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. बारकोडची जागा आता त्यालाच ठरवू देते. एक विचारायचं राहिलं: भागीदाराचं आणि माझं मत वेगळं असेल, तर ते डिझायनरसमोर बोलावं, की आधी आपसांत मिटवून एकच निर्णय कळवावा?