दहाच गोळ्यांचं मॅगझीन : न्यू जर्सीचा कायदा बरोबर की अन्याय?

एडिसनकर
जून २०१८ मध्ये न्यू जर्सीत कायदा झाला : मॅगझीनमध्ये (बंदुकीत गोळ्या भरायची सुटी पेटी) १० पेक्षा जास्त गोळ्या बसता कामा नयेत. १९९० पासून ही मर्यादा १५ होती. ज्यांच्याकडे १५ ची होती त्यांना १८० दिवस मिळाले. कायमची १० वर आणा, विकून टाका, राज्याबाहेर हलवा, नाहीतर पोलिसांत जमा करा. मी माझी तिन्ही मॅगझिनं गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, १० ची करून घेतली. त्याने स्प्रिंगखाली ठोकळा बसवला, बुडाची प्लेट इपॉक्सीने चिकटवली आणि कडेला रिव्हेट ठोकला. आता अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं तरी अकरावी गोळी आत जात नाही.

माझ्या मते हे योग्यच झालं. ८ जानेवारी २०११ ला अ‍ॅरिझोनात टूसानला सुपरमार्केटच्या दारात हल्लेखोराकडे ३३ गोळ्यांचं मॅगझीन होतं. ६ माणसं गेली. मॅगझीन बदलायला तो थांबला, तेव्हाच लोकांनी त्याला खाली पाडलं. तो दहाव्या गोळीला थांबला असता तर?

रेंजवाला
मग व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या गोळीबाराचं काय? २००७ साली तिथे ३२ जणांचा जीव गेला, तोही १० आणि १५ च्या मॅगझिनांनी. हल्लेखोर मॅगझीन बदलत राहिला. १० च्या मर्यादेने फारसा फरक पडला नसता, असं चौकशी समितीनेच लिहून ठेवलंय. रिव्हेट मारून घेतो तो कायदा पाळणारा माणूस. ज्याला खून करायचाय तो गनस्मिथकडे जाईल का?

आणि बूड चिकटवलंत की स्प्रिंग काढून आतलं साफ करणं संपलं. रेंजवरची, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरची, माती आत साठते आणि नेमक्या वेळी गोळी अडकते. ज्याने घराच्या रक्षणासाठी पिस्तूल ठेवलंय त्याच्या जिवाशी हा खेळ आहे. निवृत्त पोलिसाला मात्र १५ ची सूट! त्याच्या घरी चोर जास्त येतात का?

एडिसनकर
निवृत्त पोलिसांची सूट मलाही पटत नाही. पण व्हर्जिनिया टेकमध्ये त्याने इमारतीची दारं साखळ्यांनी बंद केली होती, मुलं कोंडली गेली होती. टूसानला उघड्यावर माणसं हाताच्या अंतरावर होती, म्हणून ते काही सेकंद कामी आले.

फ्रीमाँटची सून
मर्यादा मला मान्य आहे, धरसोड मान्य नाही. कॅलिफोर्नियात २००० पासून १० पेक्षा मोठी विकायला बंदी, पण आधीची ठेवता यायची. २०१६ च्या सार्वमताने तीही जवळ ठेवणं बेकायदा ठरवलं. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीशांनी बंदी उडवली, आठवडाभर विक्री खुली झाली, पुन्हा स्थगिती. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने बंदी वैध ठरवली. सासऱ्यांनी १९९३ साली रीतसर घेतलेलं मॅगझीन या काळात किती वेळा कायदेशीर आणि बेकायदा झालं, ते तेच जाणोत. बिचारे दर निकालानंतर आम्हाला फोन करून विचारायचे, "आता ठेवू का देऊ?"

पुण्याहून
आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली. तिसरं वर्षभरात जमा करायचं. मामांनी आजोबांची बारा बोअरची बंदूक शेवटची तेल लावून पुसली आणि पोलीस ठाण्यात नेऊन दिली. त्यांना भरपाई कुणी विचारली नाही. तुमच्याकडे निदान रिव्हेट मारून वस्तू घरात तरी राहते.

रेंजवाला
मामांवर झाला तोही अन्यायच, त्याने इथला बरोबर ठरत नाही. न्यू जर्सीत मोठं मॅगझीन सापडलं तर १८ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वडील गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत एखादं निघालं तर मुलाने काय करायचं?

एडिसनकर
ही भीती खरी आहे. अशा मुलासाठी कायद्यात मुदत हवी, आणि आमदाराकडे ती मागायला मी तुमच्याबरोबर येईन. १० चा आकडा मात्र मी सोडणार नाही.