प्रतिसाद: कॅम्पच्या जळणासाठी चेनसॉ

भावा, ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या ५८ सीसी, २२ इंची चेनसॉवर तू जवळजवळ ठाम झालेला दिसतोस. माझं मत विचारशील तर नको घेऊ. कॅम्पसाठी लागणारं जळण मांडीएवढ्या जाडीचं, फार तर त्याहून थोडं मोठं. त्याला १४ किंवा १६ इंची बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि ३० ते ३५ सीसीचं इंजिन भरपूर झालं. स्टील (Stihl) कंपनीचं एमएस १८० मॉडेल याच वर्गातलं, बार-चेन सोडून वजन चार किलोच्या आसपास. दिवसभर जड मशीन धरून हात थकले की पकड सुटते आणि अपघात तिथंच होतो.

कंपनीपेक्षा आधी सुटे भाग बघ. चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), कार्ब्युरेटरचा किट कोल्हापुरात मिळतो का, हे उद्यमनगरात फिरून विचार, मगच पैसे मोड. चेन ब्रेक (मशीन उसळलं की चेन झटक्यात थांबवणारा) नसेल तर मशीन हातातही घेऊ नकोस. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येतं.

पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक तेल मॅन्युअलप्रमाणेच. ५०:१ सांगितलं असेल तर लिटरभर पेट्रोलला २० मिली तेल. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला ओल धरते, म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ठेव. बाभळीसारखं कठीण लाकूड चेन लवकर बोथट करतं, गोल कानस जवळ असू दे. जाडसर भुशाऐवजी पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की धार गेली समज.

आणि दाजीपूरच्या बाजूला जाणार असशील तर मशीन घरीच ठेव. ते अभयारण्य आहे, तिथं लाकूड तोडणं गुन्हा आहे. जळण वखारीतूनच घे.