दुसरी शेगडी आली की घर दुसरं होतं का? (कॅलिफोर्निया, आर-१ प्लॉट)

अबोली:

आमचं घर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आहे. १९६२ चं, बैठं, तीन बेडरूमचं. प्लॉट आर-१ मध्ये येतो, म्हणजे एका जागेवर एका कुटुंबाचं एक घर. सासूबाई आणि सासऱ्यांचं ग्रीन कार्ड झालंय, नोव्हेंबरात ते चिपळूणहून कायमचे येतायत. घराला जोडून दोन गाड्यांचं गॅरेज आहे, २० बाय २० फूट. तिथे त्यांच्यासाठी खोली, बाथरूम आणि छोटा ओटा करायचा असं आम्ही ठरवलं.

ओट्याचा हट्ट माझा आहे. मी पुण्यातल्या शाकाहारी घरातली, सासूबाईंना बांगडा-सुकटीशिवाय जेवण गेल्यासारखं वाटत नाही. पण खरं कारण मासे नाहीत. मागच्या दोन्ही वेळी त्या सहा-सहा महिने राहून गेल्या, तेव्हा माझ्या ओट्यावर पाहुण्यासारख्या वावरायच्या. कढई घेऊ का, हा डबा उघडू का, असं विचारायच्या. पहाटे पाचला उठायच्या आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून सातपर्यंत चहाशिवाय बसून राहायच्या. जिने चाळीस वर्षं स्वतःचा ओटा सांभाळला, तिला असं बसलेलं मला पुन्हा बघवणार नाही.

नकाशा शहराकडे दिला. तीन आठवड्यांनी शेरा आला : झोपायची जागा, बाथरूम, बाहेरून वेगळं दार आणि स्वयंपाकघर एकत्र आल्यामुळे हे स्वतंत्र निवासी युनिट ठरतं, त्या वर्गात नवा अर्ज करा किंवा स्वयंपाकघर वगळा. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, नकाशावर त्याला ‘वेट बार’ म्हणू, म्हणजे शेगडी नसलेला, नुसता सिंकचा ओटा, आणि शेवटची तपासणी झाली की शेगडी बसवू.

हे सगळं फोनवर सासऱ्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे कागदोपत्री आम्ही वेगळे निघालो का?” त्यांच्या घरात १९८८ साली भावांच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या. त्यानंतर महिन्याभरात रेशनकार्डही वेगळं झालं. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मला दुसरं घर नकोय, एकाच घरात दुसरा ओटा हवाय. या दोन्हींच्या मधला एखादा वर्ग कायद्यात आहे का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

परसदार:

अबोलीताई, आधी वेट बारबद्दल, कारण तो रस्ता मी चालून आलोय. २०१३ मध्ये आईसाठी मी अगदी हेच केलं. कागदावर बार, प्रत्यक्षात शेगडी. चार वर्षं कुणी विचारलं नाही. मग कर्ज नव्या दराने बदलून घ्यायला गेलो, तेव्हा घराची किंमत ठरवायला आलेल्या माणसाने अहवालात ‘परवानगीशिवाय दुसरं स्वयंपाकघर’ असं लिहिलं. बँक म्हणाली, शेगडी काढा, जोडणी भिंतीत बंद करा, फोटो पाठवा, मग पुढचं बोलू. आई तेव्हा ७८ वर्षांची होती. तिच्यादेखत माणसाने शेगडी उचलून नेली. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. हे तुमच्या घरात होऊ देऊ नका.

आता वर्गाबद्दल. इथले नियम भिंती किंवा माणसं मोजत नाहीत. झोपणं, खाणं, रांधणं आणि बाथरूम या सगळ्याची स्वतंत्र, कायमची सोय एका जागी झाली की ते एक युनिट. बाकीच्या गोष्टी कुठल्याही मोठ्या बेडरूममध्ये असतात, त्यामुळे प्रत्यक्षात काटा रांधण्यावर येऊन थांबतो. म्हणून बरीच शहरं नकाशात इलेक्ट्रिक शेगडीला लागणारं २२० व्होल्टचं सॉकेट किंवा गॅसची नळी शोधतात. फ्रिज, सिंक, मायक्रोवेव्ह असेल तर बार, शेगडी आली की घर. तुमच्या सासऱ्यांना हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्या जनगणनेतही कुटुंब म्हणजे साधारणपणे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं.

तुम्ही विचारलेला मधला वर्ग कॅलिफोर्नियात आहे. एडीयू, म्हणजे मुख्य घराला पूरक असं पूर्ण स्वतंत्र छोटं घर, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याचं धाकटं भावंड म्हणजे ज्युनियर एडीयू. ते ५०० चौरस फुटांपर्यंत असतं आणि मूळ घराच्या भिंतींच्या आतच असावं लागतं. घराला जोडलेलं गॅरेज ‘आत’ धरलं जातं, म्हणजे तुमचे ४०० चौरस फूट सहज बसतात. छोटं स्वयंपाकघर चालतं, खरं तर लागतंच : रांधायची साधनं, ओटा, सामानाची कपाटं. बाहेरून वेगळं दार हवं. बाथरूम स्वतःची असू शकते किंवा मुख्य घराबरोबर सामायिक. सामायिक असेल तर आतून जायला दार ठेवावं लागतं आणि मालकाने त्याच जागेवर राहावं लागतं. बाथरूम वेगळी असली तरी आतलं दार ठेवायला हरकत नाही. तुम्ही ते नक्की ठेवा.

सासऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. आगीपासून संरक्षणाच्या नियमांसाठी, तसंच पाणी, सांडपाणी आणि विजेच्या जोडणीसाठी ज्युनियर एडीयू हे नवीन किंवा वेगळं घर समजायचं नाही, असं राज्याच्या कायद्यातच लिहिलंय. वेगळा मीटर नाही, जोडणीचं वेगळं शुल्क नाही. शिवाय हा भाग मुख्य घरापासून तोडून विकता येणार नाही, असं बंधन मालमत्तेच्या कागदावर नोंदवावं लागतं. वेगळं निघणं तर दूरच, वेगळं करता येऊ नये अशीच ही तरतूद आहे.

अर्ज पूर्ण असेल तर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही. मालमत्ता कराचं फेरमूल्यांकन फक्त नव्या कामाचं होतं, जुन्या घराच्या आकारणीला हात लागत नाही. एक गोष्ट मात्र अर्जाआधी शहराकडून लेखी घ्या : गाडीची जागा. गॅरेजचं पूर्ण एडीयू केलं तर बदली पार्किंग मागायला शहराला कायद्याने मनाई आहे, पण ज्युनियरच्या बाबतीत काही शहरं गेलेल्या जागा भरून मागतात. ड्राइव्हवेवर दोन गाड्या उभ्या राहत असतील तर तसं नकाशात दाखवूनच द्या.

हडसनकाठ:

मी न्यू जर्सीत असते. अबोली, तू कॅलिफोर्नियात आहेस ते बरंय, कारण आमच्याकडे राज्यभर एकच नियम असा नाही. आमच्या टाउनशिपचे आणि शेजारच्या टाउनशिपचे नियम वेगळे, मधे नुसता रस्ता.

इकडे, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवरसुद्धा, घरांच्या जाहिरातीत ‘मदर-डॉटर’ असा शब्द दिसतो. आईसाठी स्वतंत्र खोल्या आणि बहुधा दुसरं स्वयंपाकघर, पण गणती एका कुटुंबाचंच घर. अट अशी की तिथे नात्यातलंच माणूस राहायचं, भाडेकरू नाही. बऱ्याच ठिकाणी मीटर एकच लागतो आणि आतून ये-जा करता आली पाहिजे. आम्ही घर घेताना विक्रेत्याच्या एजंटने मदर-डॉटर म्हणून दाखवलं, पण नगरपालिकेच्या नोंदीत तळघरातल्या स्वयंपाकघराचा पत्ताच नव्हता. आमच्या वकिलाने जाहिरात बाजूला ठेवून आधी ती नोंद मागवली, म्हणून वाचलो. घर घेणाऱ्यांनी हे एक पक्कं लक्षात ठेवा. जाहिरातीतला शब्द म्हणजे वर्ग नव्हे, नगरपालिकेच्या दप्तरात जे लिहिलंय तोच वर्ग.

आणि ‘मदर-डॉटर’ या नावाबद्दल : सासूसाठी करतेयस म्हणून कुणी अडवत नाही. आमच्याकडे माझे सासरे राहतात.

ओहायोकर:

परसदार, तुम्ही म्हणता नियम माणसं मोजत नाहीत. आता बऱ्याच अंशी खरं आहे, पण पूर्वी मोजायचे. मी क्लीव्हलँडजवळ राहतो, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

इथलंच युक्लिड हे उपनगर. १९२६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि देशभर झोनिंगला, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे शहराने ठरवण्याला, कायदेशीर पाया मिळाला. स्वतंत्र घरांच्या वस्तीत येणारी अपार्टमेंटची इमारत ही पुष्कळदा निव्वळ बांडगूळ असते, असं त्या निकालपत्रात लिहिलंय. लहानपणापासून गिरगावच्या चाळीत वाढलेला मी, ते वाक्य वाचून मला फार लागलं होतं.

त्याच परिसरात ईस्ट क्लीव्हलँड आहे. तिथल्या नियमात ‘एक कुटुंब’ म्हणजे कोण, याची यादी होती. इनेझ मूर नावाच्या आजी आपला मुलगा आणि दोन नातवांसह राहत. नातू सख्खे भाऊ नव्हते, चुलत होते. एकाची आई तो तान्हा असताना गेली, म्हणून तो आजीकडे आला. शहराच्या व्याख्येत असं कुटुंब बसेना. त्या मुलाला बाहेर काढा म्हणून नोटीस आली, आजींनी काढलं नाही. त्यांना पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड झाला. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि १९७७ मध्ये जिंकल्या. आजी-आजोबा, काका-मामा, चुलत भावंडं एका छपराखाली राहणं हीसुद्धा या देशाची जुनी परंपरा आहे, हा मुद्दा तिथे मान्य झाला.

तुमच्या कॅलिफोर्नियात १९८० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं. सांता बार्बराचा नियम होता की नात्यात नसलेली पाचांहून जास्त माणसं एका घरात राहू शकत नाहीत. एका मोठ्या घरात बारा जण एकत्र राहत होते. न्यायालयाने तो नियम रद्द केला. अबोलीताई, तुमच्या गॅरेजमध्ये कोण राहणार, नातं काय, हे आज शहर तुम्हाला विचारत नाहीये, ते त्या आजींसारख्या लोकांमुळे. सासऱ्यांना त्यांची गोष्ट जरूर सांगा.

अबोली:

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री नवरा आणि मी हे सगळं मोठ्याने वाचलं. परसदार, तुमच्या आईबद्दल वाचून मी कॉन्ट्रॅक्टरला लगेच कळवलं की बार नको, ज्युनियर एडीयू म्हणूनच अर्ज करायचा. शहरालाही ईमेल केलाय. ड्राइव्हवे मोजला, दोन गाड्या राहतात.

सकाळी सासऱ्यांना फोन लावला. पाणी-वीज एकच, जागा तोडून विकता येणार नाही, मधलं दार राहणार, हे सांगितलं. त्यांनी मधल्या दाराबद्दल दोनदा विचारलं. कडी कुठल्या बाजूला, म्हणाले. मी म्हटलं, कुठल्याच बाजूला नाही. मूर आजींची गोष्ट ऐकल्यावर म्हणाले, त्या मुलाचं पुढे काय झालं ते शोध.

सासूबाईंनी फक्त ओट्याची उंची विचारली. इथला नेहमीचा ३६ इंचांचा, तो त्यांना उंच पडतो, मागच्या वेळी पोळ्या लाटताना पाटावर उभ्या राहायच्या. ३२ इंच करायला सांगितलंय. पंखा धूर खरोखर बाहेर टाकणारा हवा, फिरवून पुन्हा खोलीत सोडणारा नको. गॅरेजच्या छतातून पाइप कुणी काढला असेल तर कसा काढलात ते लिहाल का?