इसेन्स न घालता केक-आइस्क्रीमला वास कसा आणायचा?

भुकेलीमांजर : बाजारच्या इसेन्सच्या बाटल्या बंद करायच्या आहेत. लिंबू, स्ट्रॉबेरी आणि व्हॅनिला एवढे तीनच स्वाद हवेत, पण केक आणि आइस्क्रीम दोन्हींत. लिंबाचा रस वाढवला तर केक आंबट होतो, वास मात्र येत नाही. स्ट्रॉबेरीचा गर घातला की आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण होतात आणि केक राखाडी दिसतो. व्हॅनिलाच्या शेंगा आणल्या आहेत, त्यांचं पुढे काय करायचं? प्रमाणासकट सांगा.

तिसरी_शिट्टी : लिंबाचा वास रसात शोधू नका, तो सालीत आहे. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. अगदी बारीक किसणीवर तेवढाच थर किसा, खालचा पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. सालीवर मेणाचा थर असेल तर आधी गरम पाण्यात घासून धुवा.

२०० ग्रॅम साखरेच्या केकला दोन मोठ्या लिंबांची किसलेली साल पुरे. ती साखरेत घालून बोटांनी चोळा, साखर ओलसर लागेपर्यंत. मग १५-२० मिनिटं झाकून ठेवा आणि त्याच साखरेत लोणी फेसा. सालीतलं तेल लोण्यात उतरतं, त्यामुळे भट्टीत थोडं तरी टिकून राहतं. रस पिठात घालूच नका. ५० मिली रसात ५० ग्रॅम साखर विरघळवून (उकळायचं नाही, शिजलेल्या लिंबाचा वास येतो) केक गरम असतानाच टोचे मारून वरून सोडा.

आइस्क्रीमसाठी तीच चोळलेली साखर गरम दुधात घाला आणि गार झाल्यावर गाळा.

गाळणी : स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. गर तसाच ओतला तर ते पाणी गोठणारच. ५०० ग्रॅम फळांना ७५ ग्रॅम साखर लावून अर्धा तास ठेवा, मग पसरट भांड्यात मंद आचेवर साधारण २०० ग्रॅम उरेपर्यंत आटवा. पूर्ण गार करून एक लिटर थंड मिश्रणात मिसळा. दूध गरम असताना घातलंत तर फळातल्या आंबटपणाने फाटेल. आटवताना ताज्या फळाचा वास बराचसा उडून जातो, म्हणून ५०-६० ग्रॅम कच्चा गर बाजूला ठेवून शेवटी घालावा. एवढ्याने बर्फ होत नाही.

केक राखाडी होतो तो खाण्याच्या सोड्यामुळे. फळातला लाल रंग आम्लात लाल राहतो, अल्कलीत निळसर-करडा होतो. सोडा काढून बेकिंग पावडर वापरा आणि मिश्रणात चमचाभर लिंबाचा रस घाला. तरी भडक गुलाबी रंग येणार नाही, तो बाटलीतलाच असतो. केकसाठी मला फ्रीझ-ड्राय केलेली (गोठवून सुकवलेली) स्ट्रॉबेरी सगळ्यात भरवशाची वाटते. २५-३० ग्रॅम ऐनवेळी दळून मैद्यात मिसळा. आधी दळून ठेवली तर हवेतली ओल ओढून गोळा होते.

मंदआच : व्हॅनिलाचं प्रमाण : १०० मिली व्होडकाला १० ग्रॅम शेंगा, म्हणजे मध्यम आकाराच्या तीनेक. अल्कोहोल किमान ३५ टक्के हवं. शेंगा उभ्या चिरून काचेच्या बाटलीत पूर्ण बुडतील अशा ठेवा. बाहेर राहिलेलं टोक बुरसतं. अंधाऱ्या कपाटात किमान आठ आठवडे, अधूनमधून हलवायचं. फ्रिजमध्ये नको, थंडीत अर्क हळू उतरतो. अल्कोहोल नको असेल तर तीन भाग खाण्याचं ग्लिसरीन आणि एक भाग पाणी, पण अर्क फिका होतो.

आइस्क्रीमला अर्क लागतच नाही. अर्धा लिटर दूध-साईच्या मिश्रणात एक शेंग चिरून, बिया खरवडून घाला, ८० अंशांपर्यंत तापवा आणि झाकून अर्धा तास मुरू द्या. काळे ठिपके दिसतात छान, पण सालपटातही भरपूर वास असतो, तेही मिश्रणात घाला. थंड पदार्थात वास आणि गोडी दोन्ही कमी जाणवतात, तेव्हा मिश्रण चाखताना जरा जास्तच झालंय असं वाटलं पाहिजे. वापरलेली शेंग धुऊन कडकडीत वाळवून साखरेच्या बरणीत खुपसा.

केकमध्ये अर्क लोण्याबरोबर फेसताना घाला. कडक बिस्किटांवर मात्र शेंगा खर्चू नयेत, जास्त आचेत तो नाजूकपणा उरत नाही. आणि बाटलीइतका जोर येणार नाही : कित्येक इसेन्समध्ये इथाइल व्हॅनिलिन हे कृत्रिम द्रव्य असतं, ते साध्या व्हॅनिलिनच्या (शेंगेतल्या मुख्य वासद्रव्याच्या) दोन-चार पट तीव्र लागतं.

भुकेलीमांजर : सगळ्यांचे आभार. स्ट्रॉबेरीऐवजी अननस अशाच पद्धतीने चालेल का?

गाळणी : आटवलेला चालेल, पण शेवटी कच्चा गर घालायची युक्ती तिथे नको. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं, मिश्रण कडू होतं. जिलेटिन घातलं असेल तर तेही सेट होत नाही. सगळा गर पाचेक मिनिटं नीट उकळू द्या. डबाबंद अननस आधीच तापवलेला असतो, तो थेट घेता येतो.

तिसरी_शिट्टी : तयार अर्क घेताना लेबलावर नुसतं 'नैसर्गिक स्वाद' बघून फसू नका, तो त्याच फळातून आलेला असेलच असं नाही. घटकांच्या यादीत व्हॅनिलाच्या शेंगा आणि अल्कोहोल हे शब्द शोधा.