१७५ पौंडांच्या गटात कोण कोणाला हरवेल: मूर, चार्ल्स, फॉस्टर, स्पिंक्स आणि जोन्स

नाना: काल रात्री दादाने विचारले होते की मुष्टियुद्धातले आर्ची मूर आणि रॉय जोन्स ज्युनियर आपापल्या ऐन भरात एकमेकांसमोर उभे राहिले असते, तर कोण जिंकले असते. उत्तर देण्याआधी लढत कोणत्या नियमांनी खेळवायची ते ठरवू या, कारण नियम बदलले की निकालही बदलतो. लाइट-हेवीवेट गटाची मर्यादा १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९.४ किलो. मूरच्या काळात वजन लढतीच्याच दिवशी होत असे. आता ते आदल्या दिवशी होते आणि रात्रभरात शरीरात पुन्हा पाणी भरून घेतलेला खेळाडू रिंगमध्ये येतो, तो काट्यावर दिसलेल्या खेळाडूपेक्षा बराच जड असतो. शिवाय तेव्हा विजेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची होती. १९८० च्या दशकात ती १२ फेऱ्यांवर आली. माझे मत असे की वजन त्याच दिवशी व्हावे आणि फेऱ्या १५ असाव्यात, कारण या गटातील थोर खेळाडूंपैकी बहुतेकांची घडण त्याच नियमांत झाली.

दादा: नाना, नियम मान्य आहेत, पण त्यांनी जोन्सचे काही बिघडेल असे मला वाटत नाही. २००४ च्या मे महिन्यापर्यंत त्याच्या नावावर एकच पराभव होता, तोही मॉन्टेल ग्रिफिनविरुद्ध नियमभंगामुळे बाद ठरवल्याने आलेला, आणि १९९७ च्या ऑगस्टमधील फेरलढतीत त्याने ग्रिफिनला पहिल्याच फेरीत संपवले. १९९८ मध्ये व्हर्जिल हिलला त्याने चौथ्या फेरीत बरगडीवर जो उजवा ठोसा मारला, तो आजही पाहताना माझा श्वास अडकतो. मूरसारख्या संथ पावलांच्या माणसाला इतका वेगवान प्रतिस्पर्धी सापडणार कसा?

नाना: मूरची पावले संथ होती हे खरे, पण त्याचा बचाव तू नीट पाहिला आहेस का? तो दोन्ही हात समोर आडवे धरायचा, एक चेहऱ्यासमोर आणि दुसरा पोटावर, हनुवटी खांद्याआड घ्यायचा आणि त्या फटीतून प्रतिस्पर्ध्याकडे पाहत राहायचा. ठोसे कोपरांवर आणि खांद्यांवर आदळून वाया जात, आणि समोरच्याची लय एकदा कळली की त्याच लयीच्या मधल्या जागेत मूरचा उजवा हात येई. १९५८ च्या डिसेंबरमध्ये मॉन्ट्रियल येथे इव्हॉन ड्युरेलने त्याला पहिल्याच फेरीत तीन वेळा खाली पाडले आणि पाचव्या फेरीत पुन्हा एकदा पाडले. मूरच्या आईने सांगितलेले जन्मवर्ष १९१३ धरले तर तो तेव्हा ४४ वर्षांचा होता आणि त्याने स्वतः सांगितलेले १९१६ धरले तर ४१ वर्षांचा. अशा वयात, अशा अवस्थेतून उठून त्याने अकराव्या फेरीत ड्युरेलला नॉकआउट केले. ती लढत मी कितीतरी वेळा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी पहिल्या फेरीनंतर मला वाटते की आता हा संपला.

तरीही १९९६ ते १९९९ मधला जोन्स समोर असेल, तर मी गुणांवर जोन्सलाच विजयी म्हणेन. मूरची सारी विद्या समोरच्याची लय ओळखण्यावर उभी आहे आणि जोन्स लय लागूच देत नाही. तो जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, सुरुवात न करता अंतरावरून थेट डावा हुक, म्हणजे बाजूने वळवलेला ठोसा, मारतो, आणि परतीचा ठोसा येईपर्यंत तिथून गेलेला असतो.

मामा: मग २००४ च्या त्याच मे महिन्यात अँटोनिओ टार्व्हरने त्याला दुसऱ्या फेरीत आडवे केले त्याचे काय? कितीही वेगवान असला तरी एक नेमका ठोसा बसला की तो कोसळतो, हे सिद्ध झाले आहे.

नाना: मामा, तो पुरावा मी १९९८ च्या जोन्सविरुद्ध वापरणार नाही. २००३ च्या मार्चमध्ये जॉन रुईझला हरवून हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचे, विजेतेपद मिळवताना जोन्सचे वजन १९३ पौंड होते, आणि त्याच वर्षी तो पुन्हा १७५ वर उतरला. पस्तिशीत अंगावरचे कमावलेले स्नायू उतरवल्याची किंमत त्याने टार्व्हरसमोर मोजली, असे माझे ठाम मत आहे. भरातल्या जोन्सला हरवायला एकच माणूस मला दिसतो आणि तो एझार्ड चार्ल्स.

ताई: नाना, पण चार्ल्स या गटाचा विजेता कधीच नव्हता. आपला विषय विजेत्यांचा आहे, मग त्याला यादीत घ्यायचे कसे?

नाना: ताई, तुझा आक्षेप योग्य आहे, पण त्याला बाहेर ठेवले तर यादीच खोटी ठरते. ज्या मूरला आपण थोर म्हणतो, त्याला चार्ल्सने १९४६, १९४७ आणि १९४८ अशा सलग तीन लढतींत हरवले, तिसऱ्यांदा तर आठव्या फेरीत नॉकआउटने. पुढे विजेता झालेल्या जोई मॅक्सिमलाही त्याने एकापेक्षा अधिक वेळा हरवले. विजेतेपदाची संधी मात्र या गटात त्याला कधी मिळाली नाही, आणि अखेर १९४९ मध्ये जर्सी जो वॉल्कॉटला हरवून तो हेवीवेट विजेता झाला. १९४३ मध्ये तो जिमी बिव्हिन्स आणि लॉईड मार्शल यांच्याकडून हरला होता हेही सांगितले पाहिजे, पण नंतर त्याने दोघांचाही हिशेब चुकता केला.

१९४८ च्या फेब्रुवारीत चार्ल्सशी झालेल्या शिकागोतील लढतीनंतर सॅम बारूडी दगावला आणि त्यानंतर चार्ल्सचा हात पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही, असे पुष्कळ जाणकार म्हणतात. म्हणून मी त्या आधीचा चार्ल्स निवडतो. त्याच्याकडे जॅब होता, दोन्ही हातांत जोर होता, आणि जवळून व लांबून दोन्ही प्रकारे लढण्याची हातोटी होती. जोन्स मागे सरकून दोरांना टेकतो आणि तिथून प्रतिस्पर्ध्याला बोलावतो. चार्ल्स तिथे डोक्याकडे न जाता आधी पोटावर मारत राहिला असता आणि अकराव्या-बाराव्या फेरीपर्यंत त्या पायांतला वेग उतरला असता. पंधरा फेऱ्यांत चार्ल्स, बारा फेऱ्यांत जोन्स.

मामा: माझा प्रश्न साधा आहे. बॉब फॉस्टर विरुद्ध आर्टुर बेटरबिएव्ह. पहिल्या वीसही लढती नॉकआउटने जिंकणारा माणूस फॉस्टरला पेलवेल का?

नाना: पेलवेल. फॉस्टर सहा फूट तीन इंच उंच होता, विजेतेपद त्याने १४ वेळा राखले, आणि १९६८ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने डिक टायगरला चौथ्या फेरीत ज्या डाव्या हुकने झोपवले तो कोणालाही झोपवू शकला असता. टायगर पूर्ण कारकिर्दीत नॉकआउट झाला तो त्या एकाच रात्री. बेटरबिएव्ह अंतर कमी करत सरळ पुढे येतो. २०१८ मध्ये कॅलम जॉन्सनने त्याला दुसऱ्या फेरीत खाली पाडले होते, म्हणजे त्या वाटेवर ठोसा बसतो. तो उठला आणि चौथ्या फेरीत जिंकला, पण फॉस्टरने मारले असते तर उठणे अवघड होते. सहा फेऱ्यांच्या आत फॉस्टर.

दादा: फॉस्टरला मग या गटात कोणीच हरवू शकत नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?

नाना: नाही. मायकेल स्पिंक्स हरवेल. फॉस्टरचा डावा हात कमरेपाशी असतो, तिथूनच त्याचा जॅब आणि हुक निघतो, आणि त्या खाली राहिलेल्या हातावरून येणारा उजवा ठोसा हेच स्पिंक्सचे मुख्य शस्त्र होते. स्पिंक्सची चाल वेडीवाकडी होती, ठोसा कोणत्या कोनातून येईल याचा अंदाज लागत नसे. पण १९८३ च्या मार्चमध्ये ड्वाइट मुहम्मद कावीविरुद्ध त्याने जे केले ते मला त्याच्या उजव्या हातापेक्षाही मोठे वाटते. कावी बुटका, दणकट आणि अंगावर येणारा. स्पिंक्सने पंधरा फेऱ्या जॅब आणि पाय वापरून त्याला लांब ठेवले आणि नॉकआउटचा मोह टाळला. इतका संयम असलेला माणूस फॉस्टरच्या हुकच्या टप्प्याबाहेर राहू शकतो. १७५ पौंडांच्या गटात स्पिंक्स कधीही हरला नाही, आणि १९८५ मध्ये लॅरी होम्सला हरवून तो हेवीवेट विजेता झाला. या गटाचे विजेतेपद हाती असताना हे करणारा तो पहिलाच.

ताई: तर मग शेवटी चार्ल्स आणि स्पिंक्स हेच दोघे उरतात. त्यांच्यात कोण?

नाना: दोन दिवस मी याचाच विचार करतो आहे. चार्ल्सच्या त्या वर्षांचे चित्रण फार थोडे उरले आहे, त्यामुळे त्याने कोणाकोणाला हरवले यावरूनच अंदाज बांधावा लागतो. पहिल्या पाच फेऱ्या मी स्पिंक्सला देईन, कारण त्याचे कोन ओळखायला कोणालाही तेवढा वेळ लागतोच. सहाव्यापासून चार्ल्स जवळ शिरेल, कारण कावीपेक्षा त्याचे हात लांब होते आणि जॅबला जॅबने उत्तर देणे त्याला जमत होते. जुन्या पद्धतीने फेऱ्यांवर मोजणी केली तर आठ फेऱ्या चार्ल्सला आणि सात स्पिंक्सला.

दादा: माझी मोजणी आठ-सात, पण स्पिंक्सच्या बाजूने.