दावोसला ‘सहल’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शेंद्र्याचा फिटर: काल एका भावानं लिहिलं, "मुख्यमंत्र्यांचं दावोस (स्वित्झर्लंडमधली जागतिक उद्योग परिषद) म्हणजे सरकारी पैशावर सहल. सह्या करणारे मुंबईचेच, मग बर्फात कशाला जायचं?" वाचून राहवलं नाही. जानेवारी २०२५ ला फडणवीसांनी तिथं १५ लाख ७० हजार कोटींचे करार केले. त्यात रिलायन्सचे ३ लाख ५ हजार कोटी, जेएसडब्ल्यूचे ३ लाख कोटी. दोन्ही घरचेच, मान्य. पण उंबरे झिजवल्याशिवाय बाहेरचा कारखाना आपल्या दारात येतो का? संभाजीनगरजवळ शेंद्र्यात स्कोडा आहे, ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात कोरियाची ह्योसंग आहे. डीएमआयसी (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्टा) उभी राहिली तीच जपानला सोबत घेऊन. ३१ जुलै २०२४ ला टोयोटानं ऑरिकमधल्याच बिडकीनसाठी २० हजार कोटींचा करार केला. माझे वडील १९८६ ला वाळूजच्या एमआयडीसीत कामाला लागले. पहिल्या पगाराचं पाकीट आजीनं देव्हाऱ्यात ठेवलं, त्यावरचा हळदीचा डाग अजून आहे. वाळूज नसतं तर मी आज दुसऱ्याच्या रानात कापूस वेचत असतो.

बिडकीनचा गडी: दादा, तुमच्या वडलांचं भलं झालं. आमची जमीन गेली त्याचं काय? एकरी २३ लाख मिळाले. बहिणीचं लग्न, घर, ट्रॅक्टर. चार वर्षांत खातं कोरडं. आता त्याच पट्ट्यातल्या एका कंपनीत ठेकेदाराकडं आहे. अकरा महिने भरले की गेटपास काढून घेतात, चार दिवस घरी बसवतात, मग परत घेतात. पासवर ठेकेदाराचं नाव वर मोठ्या अक्षरात, माझं खाली पेनानं लिहिलेलं. किती कोटींच्या सह्या झाल्या ते नका सांगू. गावातली किती पोरं पर्मनंट झाली ते सांगा.

शेंद्र्याचा फिटर: ठेकेदारी दावोसहून आली का? तिचा राग दौऱ्यावर कामून काढता?

लातूरची लेक: मराठवाडा म्हणजे शेंद्रा, बिडकीन, वाळूज एवढाच का हो? आमच्या रेल्वे बोगी कारखान्याचं भूमिपूजन २०१८ ला झालं, पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० ला बाहेर पडला. त्यानंतर माझा आयटीआय झालेला भाऊ भरतीची जाहिरात शोधून थकला आणि पुण्याला गेला. हिंगोली-परभणीचं तर कुणी नावच घेत नाही. आणि पाण्याचं बोला. २०१६ ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलो. एवढ्या कारखान्यांना देणार कुठून?

पैठणकर: पैठणच्या जायकवाडी धरणातून. आणि जायकवाडीत येणार कुठून? नगर-नाशिकवाले सोडतील तेव्हा! २०१४ चा जलसंपत्ती प्राधिकरणाचा आदेश स्पष्ट आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. तरी दर दुष्काळात कोर्टकचेऱ्या. २०२३ ला साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला, पाणी सुटायला नोव्हेंबर संपत आला.

मुळाकाठ: मी नगर जिल्ह्यातल्या राहुरीचा, लेक संभाजीनगरला दिलीय, म्हणून इथलं सगळं वाचतो. कोरड्या पात्रातून सोडलेलं पाणी वाटेतच किती मुरतं, कधी नदीकाठी उभं राहून बघा. आमची उभी पिकं वाळवून तुम्ही मोटारी बनवणार?

पैठणकर: पिकं नका म्हणू, ऊस म्हणा! माझ्या आज्याचं गाव जायकवाडीच्या नाथसागर जलाशयात बुडालं. त्याच्या नातवानं पाण्यासाठी तुमच्या तोंडाकडं बघायचं? काका, लेकीच्या गच्चीवर टाक्या किती आहेत ते विचारा. संभाजीनगरात नळ आठवड्यानं येतो.

मुळाकाठ: माझ्या लेकीला मध्ये आणू नका.

पैठणकर: तुम्हीच आणली, काका.

मुळाकाठ: तीन टाक्या आहेत. पहाटे पाणी आलं की पोटातलं बाळ घेऊन जिना चढते. प्यायच्या पाण्याला मी आडवा येणार नाही. पण कारखान्याच्या एका थेंबालाही येईन, हे लिहून ठेवा.

लातूरची लेक: तेवढं म्हणालात हेही खूप झालं.

शेंद्र्याचा फिटर: विषय कुठून कुठं गेला. पाण्याचं पटलं, जमीन द्यायच्या आधी पाण्याचा हिशोब मांडायला हवा. गेटपासचंही पटतंय, मीही सहा वर्षं तशीच काढलीत, ते वर लिहायला हवं होतं. पण ‘सहल’ मी मानणार नाही. कुणी गेलंच नाही तर भांडायलाही कारखाना नसेल.

बिडकीनचा गडी: जाऊ द्या की, मी कुठं अडवलं? सही करताना तेवढं एक कलम घाला, ज्याची जमीन गेली त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर, ठेकेदाराच्या नाही. माझा अकरावा महिना शुक्रवारी भरतोय. सोमवारी आत घेतलं तर इथं लिहितो.